शिक्षा भोगून आलेल्या माणसाने आवडीचं काम मागायचंच नाही का?

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला जो तो एकच सल्ला देतो, "मिळेल ते काम कर, निवड करत बसू नकोस". मला या सल्ल्याचा खरंच राग येतो. सुरुवातीला पोटासाठी मिळेल ते करावं लागतं, ते कोणालाच चुकलेलं नाही, पण आपण त्याला आडून सांगत असतो की आता आयुष्यभर एवढ्यावरच भागव, आवड, करिअर, प्रमोशन हे तुझ्यासाठी नाही. अरे, कोर्टाने दिली तेवढी शिक्षा भोगली ना त्याने? मग ही वरची शिक्षा कोणी सुनावली?

अडचण खोटी आहे असं अजिबात नाही. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत मिलवॉकीत केलेला अभ्यास २००३ साली छापून आला. सारखंच शिक्षण, सारखाच अनुभव सांगणारी मुलं नोकरी मागायला पाठवली, फरक फक्त तुरुंगवासाच्या नोंदीचा. गोऱ्या मुलांमध्ये नोंद नसलेल्याला ३४ टक्के ठिकाणांहून परत फोन आला, नोंद असलेल्याला १७. काळ्या मुलांमध्ये १४ आणि ५. म्हणजे तुरुंगात जाऊन आलेला गोरा मुलगा काहीच न केलेल्या काळ्या मुलाच्या पुढे! हे आकडे वाचल्यावर "मेहनत कर, सगळं होईल" असं नुसतं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

म्हणून आधी आपले कागद नीट वाचा. गुन्हा दाखल होणं, अटक होणं, दोषी ठरणं, निर्दोष सुटणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर "तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का" विचारलंय की "कधी अटक झाली आहे का" हे बघा, लोक घाबरून दोन्हीला एकच उत्तर लिहितात. जुनी नोंद सांगावी लागते की नाही हेही वकिलाला विचारा, कारण ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यामुळे ठरावीक काळानंतर बऱ्याच शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगाव्याच लागत नाहीत. पण जिथे सांगणं बंधनकारक आहे तिथे खोटं लिहू नका, नंतर उघड झालं तर जुन्या गुन्ह्यासाठी नाही, खोटं बोललात म्हणून नोकरी जाते.

इंटरव्ह्यूमध्ये काय झालं ते एका वाक्यात, शिक्षा किती झाली ते एका वाक्यात, आणि मग त्यानंतर काय शिकलात, काय काम केलंत ते सविस्तर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, केसचीच सगळी कहाणी सांगत बसतात आणि समोरच्याच्या डोक्यात तेवढीच राहते.

अमेरिकेतला रेजिनाल्ड ड्वेन बेट्स सोळाव्या वर्षी गाडी लुटल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, आठ वर्षांहून जास्त आत होता. पुढे तिथल्या नावाजलेल्या येल विद्यापीठातून कायद्याची डिग्री घेतली आणि वकिलीची परीक्षा पास झाल्यावरसुद्धा ती जुनी नोंद आडवी आलीच, सनद लगेच मिळाली नाही. तरी तो वकील झाला. त्याला कोणी मिळेल त्या कामावर समाधान मान म्हणालं असेल आणि त्याने ते ऐकलं असतं तर?

आणि भरती करणाऱ्यांनो, थोडं तुमच्याशीही बोलायचंय. ब्लमस्टाइन आणि नाकामुरा या अमेरिकेतल्या संशोधकांचा २००९ चा अभ्यास सांगतो की काही वर्षं परत गुन्हा केला नाही तर त्या माणसाची पुन्हा अटक होण्याची शक्यता त्याच्याच वयाच्या इतर लोकांइतकी खाली येते. मग दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून अर्ज बाजूला टाकताना आपण नक्की कशाला घाबरतोय? न्यूयॉर्कजवळची ग्रेस्टन बेकरी तर इंटरव्ह्यू आणि बॅकग्राउंड चेक न करता, यादीत नाव लिहिलं की नंबर आल्यावर कामावर घेते. एवढं नाही जमणार सगळ्यांना, कळतं मला. पण शिक्षा झाली होती का, हा प्रश्न पहिल्याच फॉर्मवर न ठेवता माणसाला भेटल्यावर विचारता येतो. गुन्हा किती जुना, या कामाशी त्याचा संबंध काय, त्यानंतर काय केलं, हे विचारा आणि मग ठरवा. नाही म्हणायचं असेल तर कारण त्याच्या तोंडावर सांगा, म्हणजे पुढच्या अर्जाच्या वेळी त्याला काहीतरी हाताशी राहील.