घरबसल्या अणुतज्ज्ञ व्हा

परवा एका वाहिनीवरच्या चर्चेत इराणच्या नकाशाशेजारी एक उभी पट्टी दाखवत होते. इराणने युरेनियम साठ टक्के शुद्ध केलं, म्हणून साठ टक्क्यांपर्यंत लाल, वरचे चाळीस टक्के रिकामे. म्हणजे बॉम्बचं चाळीस टक्के काम अजून बाकी आहे, असं निवेदकाने सांगितलं आणि समोरच्या चारही तज्ज्ञांनी माना डोलावल्या. या धंद्याला किती बरकत आहे पाहा! तुम्हीही उतरा. पुस्तकांच्या कपाटापुढे खुर्ची मांडा आणि एवढी पथ्यं पाळा.

टक्के दिसले की शंभरातून वजा करा. खनिज युरेनियमच्या हजार अणूंत कामाचे, म्हणजे यू-२३५चे, जेमतेम सात असतात, हे तोंडातून निघता कामा नये. निघालं की पुढचा ढोबळ हिशेबही सांगावा लागतो. त्या सातांभोवतीची गर्दी हटवून हजाराचे पावणेदोनशे उरले की चार टक्के, म्हणजे अणुभट्टीतलं इंधन. पस्तीस उरले की वीस टक्के, बारा उरले की साठ, आठ उरले की नव्वद आणि माल बॉम्बच्या प्रतीचा. पहिल्याच टप्प्यात सव्वाआठशे हटवायचे, शेवटच्यात फक्त चार. साठ टक्क्यांवर पोचलेल्याची जवळजवळ सगळी मेहनत उरकलेली असते. हे प्रेक्षकाला कळलं तर इराणने अमेरिकेसह बड्या देशांशी केलेल्या २०१५च्या अणुकरारात ३.६७ टक्क्यांच्या मर्यादेसाठी एवढी घासाघीस का झाली तेही कळेल. मग तुम्ही ओरडणार कशावर?

तो करार वाचू नका. दीडशेहून जास्त पानं आहेत. ‘पंधरा वर्षांनी इराण मोकळाच होणार होता’ एवढं वाक्य पाठ करा. सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम शुद्ध करणारी यंत्रं, सुमारे १९,००० होती ती ६,१०४वर आणली, साठ्याला ३०० किलोंची मर्यादा घातली, अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतलं, सेंट्रिफ्यूजच्या सुट्या भागांवर २० वर्षं आणि युरेनियमच्या खनिजावर २५ वर्षं पहारा ठेवायचं ठरलं, हा तपशील जाहिरातींच्या मध्ये बसत नाही.

घटनाक्रम सोयीच्या तारखेपासून सुरू करावा. इराणची बाजू घ्यायची असेल तर ८ मे २०१८, ट्रम्प करारातून बाहेर पडले तो दिवस. त्याआधी युरेनियम शुद्ध करायची लपवलेली केंद्रं, नतान्झ २००२मध्ये आणि डोंगराच्या पोटातलं फोर्दो २००९मध्ये, उघडकीला आली आणि नंतर तेहरानजवळच्या तुर्कुझाबादला सापडलेल्या युरेनियमच्या कणांचा पटेल असा खुलासा इराणने दिला नाही, हे गाळा. अमेरिकेची बाजू घ्यायची असेल तर जुलै २०१९पासून, म्हणजे इराणने मर्यादा ओलांडली तिथून. आधीचं वर्षभर तो मर्यादेत होता, हे गाळा.

भारताचा विषय निघाला की ‘आपले हजारो वर्षांचे संबंध’. २००५मध्ये आपण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत (आयएईए) इराणविरुद्ध मत दिलं आणि २०१९मध्ये त्याचं तेल घेणं बंद केलं, ही किरकोळ बाब.

‘स्नॅपबॅक’, म्हणजे इराणने करार मोडला तर संयुक्त राष्ट्रांचे उठवलेले निर्बंध परत लावायचं कलम, म्हटलं की लगेच ‘रशिया-चीन व्हेटो वापरतील’ म्हणा. त्या कलमाची मेख अशी की तक्रार झाल्यावर तीस दिवसांत मत घ्यायचं होतं ते निर्बंध *न* लावण्यासाठी. व्हेटो वापरला तर निर्बंधच परत येणार होते. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ला तक्रार केली, सप्टेंबर सरताना निर्बंध परतले, रशिया-चीनला ते रोखता आले नाहीत. तरी बेलाशक म्हणा. कोण तपासतंय?

शेवटचं पथ्य सगळ्यात मोलाचं. जून २०२५मध्ये अमेरिकी विमानांनी फोर्दो आणि नतान्झवर मिळून चौदा बंकरफोडे बॉम्ब टाकले, प्रत्येकी साडेतेरा टनांचे. त्यांचं ॲनिमेशन पुन्हा पुन्हा दाखवायला लावा आणि ‘खेळ खल्लास’ म्हणा.

कसला खल्लास? बॉम्बने दालनं पडतात. ४४०.९ किलो, आयएईएच्या अंदाजानुसार इस्राएलचा हल्ला सुरू झाला तेव्हाचा साठ टक्के शुद्ध युरेनियमचा साठा, कुठे आहे? हा साठा पाणबुड्याच्या पाठीवरच्या नळकांड्याएवढ्या सिलिंडरांत मावतो आणि सिलिंडर गाडीतून हलवता येतात. साधारण ४२ किलो आणखी शुद्ध केले की एका बॉम्बपुरतं होतं. करार पाळला जात होता तोवर आयएईएचे निरीक्षक साठा आणि सेंट्रिफ्यूज मोजत होते, सीलं तपासत होते. २०२१पासून इराणने जादा तपासणी बंद केली, २०२२मध्ये २७ कॅमेरे काढले आणि किती सेंट्रिफ्यूज नवे बनले याचा हिशेब तिथेच तुटला. कॅमेरा नंतर परत लावलात तरी मधला काळ भरून निघत नाही. २०२५मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका-इराण बोलणी चालू होती, सहावी फेरी १५ जूनला मस्कतमध्ये ठरली होती, १३ला इस्राएलने हल्ला केला. जुलैत निरीक्षक देश सोडून गेले. नोव्हेंबर २०२५पर्यंत त्या साठ्याची पडताळणी झालेली नव्हती.

आणि तुम्ही तासभर कोण जिंकलं यावर भांडता? चौघांपैकी एकालाही ‘माल कुठाय?’ विचारावंसं वाटलं नाही? बेरीज-वजाबाकी येत नसेल तर शिका, शाळेत होती. करार वाचायचा कंटाळा असेल तर त्यावर बोलू नका, कोणी जबरदस्ती केलेली नाही. आणि वाहिनीवाल्यांनो, तज्ज्ञाला बोलावण्याआधी एकच विचारा: हजारात किती? सात म्हणाला तरच आत घ्या.