पुस्तक मीट!

पेन्शनच्या गर्दीत जेएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेचं पुस्तक माझ्या कोपराखाली होतं, एवढाच माझा गुन्हा. ही परीक्षा पास झाली की पगारात इन्क्रिमेंट पडतं, म्हणून आमच्या बँकेत पन्नाशीकडे झुकलेली माणसंही ती देतात. लिंक गेली होती, रांग खोळंबली होती, मी पान उघडलं. काचेपलीकडे सर उभे.

सर म्हणजे गावातले निवृत्त गणित शिक्षक. मला त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. पण आपल्याहून लहान जो कोणी आहे तो आपला विद्यार्थी, असं ते धरूनच चालतात. काचेखालच्या फटीतून त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पिवळा, हिरवा, गुलाबी. रंगपंचमी खेळलास का याच्यात?"

"महत्त्वाचं तेवढं रंगवलंय, सर."

"मग न रंगवलेलं कुठाय? बरं, सांग. चेकची व्याख्या कुठल्या कलमात?"

"निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१."

"साल विचारलं का मी? कलम!"

रांगेतल्या माना एकदम वळल्या. एरवी 'पुढे सरका' असं ओरडून सांगितलं तरी ही माणसं हलत नाहीत.

"पाच," मी म्हटलं.

"पाच म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंज. चेक सहा!" सर रांगेकडे वळून म्हणाले, "हे आपले पैसे सांभाळतात." पुस्तक त्या वेळी त्यांच्या हातात, उघडं होतं, हे मी इथे नोंदवून ठेवतो. उत्तरावर बोट ठेवून कुणीही विद्वान होतो.

"जाऊ द्या हो सर, दोन लेकरांचा बाप आहे," एक मावशी कळवळल्या. दुसऱ्या मावशींनी रात्री बदाम भिजत घालायला सांगितले. बदामाचा भाव त्यांनी सांगितला नाही. एवढ्यात मागून मंडपवाल्याने तोंड उघडलं. "मला विचारा. कलम १३८! चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस. नोटीस पोचल्यावर समोरच्याला पंधरा दिवस. तरी नाही दिले, तर महिन्याच्या आत कोर्टात केस." एका दमात म्हटलं, आणि एक आकडा चुकला असेल तर शपथ. सरांनी "शाब्बास!" म्हटलं. मला नाही, त्याला. एका लग्नाच्या मांडवाचे पैसे त्याचे असेच बुडाले होते. कलम पाठ व्हायला एवढी किंमत मोजावी लागत असेल, तर माझी तयारी नाही.

घरी येऊन रागाच्या भरात मी स्मरणशक्तीवरच वाचत बसलो. (अभ्यास सोडून बाकी काहीही वाचायला मला उत्साह येतो.) एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून त्या किती लवकर विसरतात ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया जाते म्हणे. पण त्याचं बरं होतं. विद्यार्थी तोच, परीक्षक तोच, समोर पासबुक घेऊन कोणी उभं नाही. पुढे २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिक या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले. म्हणजे 'पुस्तक मीट आणि सांग' हेच खरं, आणि माझी रंगपंचमी फुकट. सरांचं बरोबर निघालं याचाच तर राग आहे. पण आठवून बघण्याचा कार्यक्रम पेन्शनरांच्या साक्षीनेच व्हायला हवा, असं काही त्या प्रयोगात नाही.

शिवाय थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी करा, झोप पुरेशी घ्या, झोपेत आठवण पक्की होते, असंही सगळे सांगतात. कोण घेऊ देतंय? दिवसअखेर कॅशमध्ये वीस रुपये कमी भरले की आठ वाजेपर्यंत तेच शोधायचं. दोघांचं काम एकाला करायला लावायचं आणि वर त्याच्या ज्ञानात भर पडावी म्हणून परीक्षा ठेवायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा पेन्शनच्या दिवशी माझ्या खुर्चीत बसवायला हवं.

असो. त्या दिवशी काउंटरवर सरांचं काम झालं, जाता जाता त्यांनी एटीएम कार्ड पुढे केलं, चालत नाही म्हणून. कार्डाच्या पाकिटावर निळ्या शाईत, ठळक, सुवाच्य अक्षरात पिन लिहिलेला.

"सर, पिन असा लिहून ठेवू नये."

"मला पाठ आहे तो."

"मग लिहिलात कशाला?"

"विसरलो तर?"

रांगेत एकाही माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. सरांनी पासबुक पिशवीत टाकलं, त्यावर माझं पुस्तकही टाकलं. "हे राहू दे माझ्याकडे. पुढच्या पेन्शनला येताना प्रश्न काढून आणतो."

परीक्षा त्याच्या आधी आहे.