पन्नास हजारात काय होतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की नवीन लागलेल्या प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या स्वतःच्या फंडातून मिळणाऱ्या छोट्या रिसर्च ग्रांटला नाक मुरडू नये, अर्ज ठोकून द्यावा. त्यावर एक चांगलीच तिखट प्रतिक्रिया आलीये. ४०-५० हजारात संशोधन होत नाही, सगळी धडपड प्रमोशनच्या गुणांसाठी, पैसे मुलांच्या फीचे, मिळतात ओळखीच्यांना, आणि "मॅडम तुम्ही स्वतः कमिटीवर बसलेल्या, तुम्हाला गोडच लागणार". कमेंटच्या डब्यात उत्तर मावेना म्हणून इथे लिहितेय.

सर (नाव नाहीये पण "आमच्या डिपार्टमेंटला" लिहिलंय म्हणजे आपल्यातलेच, मॅडम असाल तर माफ करा), आधी गुणांचं बोलू कारण तिथे तुमचा हिशोबच चुकलाय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८च्या रेग्युलेशनमध्ये १० लाखांच्या आतला प्रोजेक्ट पूर्ण केला की ५ गुण. सायन्सच्या एका पेपरला (शोधनिबंधाला) ८, आर्ट्सच्या पेपरला १०. म्हणजे ज्याला फक्त गुणच हवेत तो कोटेशनं गोळा करत कशाला फिरेल, घरी बसून एक पेपर पाडेल की! तेही ५ गुण विद्यापीठाच्या ग्रांटला धरले तर, स्क्रुटिनीत कोण काय उडवेल सांगता येत नाही.

मुलांच्या फीचे पैसे, हे खरंय. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं उदाहरण तुम्ही दिलंत, तिथे सीड ग्रांट (काम सुरू करायला दिलेले पैसे) म्हणून घसघशीत रक्कम देतात वगैरे. पण तिथे बाहेरून प्रोजेक्ट आला की थेट खर्चाच्या वर ओव्हरहेड म्हणून मोठा वाटा विद्यापीठाला मिळतो, काही ठिकाणी थेट खर्चाच्या निम्म्याहून जास्त, आणि त्यातला काही भाग फिरून या सीड ग्रांटमध्ये येतो. २०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) हा वाटा १५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं तर केवढा गोंधळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. आपल्या राज्य विद्यापीठांकडे बाहेरचे प्रोजेक्टच किती येतात? स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः परीक्षा फी आणि कॉलेजांकडून येणारं संलग्नीकरण शुल्क. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. यूजीसीचे मायनर-मेजर (छोटे-मोठे रिसर्च प्रोजेक्ट) बंद झाले तेव्हापासून तर कॉलेजच्या प्राध्यापकाला दार ठोठावायला हेच एक जवळचं घर उरलंय. (जुनी मंडळी या ग्रांटला अजून "बीसीयूडीची ग्रांट" म्हणतात, २०१६च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात बीसीयूडी हे विद्यापीठाचं मंडळच गेलं तरी.)

आता पन्नास हजारात काय होतं ते सांगते, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे आणि मागच्या पोस्टमध्ये ते मी नीट लिहिलं नाही, चूक माझीच.

माझा प्रोजेक्ट होता डोंगरातल्या ओढ्यांच्या पाण्यातला ऑक्सिजन, जून ते सप्टेंबर. तोवर मी विंकलर पद्धतीने करायचे, म्हणजे ३०० मिलीची काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, तिथल्या तिथे दोन रसायनं घालून लगेच बूच लावून हलवायची, तपकिरी साका बसला की बाटल्या टिफिनच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने कॉलेजला आणायच्या आणि रात्री टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब रसायन घालून ऑक्सिजन मोजायचा. दिवसाला सहा बाटल्या, बास. एक हातातला मीटर मिळाला असता तर तेवढ्याच वेळात चाळीस जागा मोजून झाल्या असत्या. म्हणून अर्ज केला, मंजूर झाला ४८ हजार.

सँक्शन लेटर आलं डिसेंबरात. पैसे कॉलेजच्या खात्यात जमा १२ फेब्रुवारीला. यूसी (पैसे खर्च झाल्याचा दाखला) द्यायची ३१ मार्चच्या आत, नाहीतर रक्कम लॅप्स. पावसाळ्याचा प्रोजेक्ट सर, आणि फेब्रुवारीत त्या ओढ्यात गुरं बसलेली असतात! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मग तीन दुकानांची कोटेशनं, त्यांचा तुलनेचा तक्ता (कंपॅरेटिव्ह), प्रिन्सिपलची सही, त्यात मधे एक आठवडा परीक्षांचा. दुसरं आणि तिसरं कोटेशन वेगळ्या लेटरहेडवर होतं पण दोन्हीत 'कॅलिब्रेशन'चं स्पेलिंग सेम टू सेम चुकलेलं, यावरून काय ते समजा. मीटर आला २८ मार्चला, डेड स्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या टिकाऊ सामानाची वही) नंबर पडला, पांढऱ्या ऑइलपेंटने तो नंबर मीटरच्या पाठीवर रंगवला, आणि तो कपाटात गेला. प्रवासाच्या हेडचे (खर्चाच्या सदराचे) पैसे वापरायला पाऊसच नव्हता. जूनमध्ये जीपचं भाडं माझ्या पगारातून.

तरीही करा म्हणते ते का, तर त्या एका पावसाळ्यातली रीडिंगं. बाहेरच्या एका एजन्सीकडे आधी मी प्रपोजल पाठवलं होतं, रिव्ह्यूअरने एका ओळीत परत पाठवलं, प्राथमिक डेटा कुठे आहे म्हणून. पुढच्या वेळी त्यात दोन टेबलं होती, त्या मीटरची. मिळालं. तुम्ही म्हणता थेट एएनआरएफला (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था) लिहा, लिहा की, पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार आणि तालुक्याच्या कॉलेजात तो डेटा कशाच्या जोरावर काढणार?

तेव्हा रक्कम कमी आहे मान्य, त्यात जुलै २०२२ पासून रिसर्चच्या सामानावरचा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दरही काढून घेतला, तेवढी आणखी कात्री. पण माझं भांडण रकमेशी नाही, तारखेशी आहे. तेच ४८ हजार मे महिन्यात दिले असते आणि पुढच्या मेपर्यंत हिशोब मागितला असता तर एक पैसा जास्त न देता काम दुप्पट झालं असतं. आपल्या संघटनांची निवेदनं "रक्कम एक लाख करा" यावर थांबतात, तारखेचं कोणी लिहीत नाही. एक लाख फेब्रुवारीत मिळून काय करायचंय, दोन मीटर कपाटात ठेवायचे?

ओळखीचं म्हणाल तर पूर्ण नाही म्हणणार नाही. मी कमिटीवर एकदाच बसले, एका दिवसात साठेक प्रपोजलं, एकेकाला पाच-सात मिनिटं, एवढ्यात नाव ओळखीचं असलं की माणसाचा हात सैल सुटतोच, माझाही सुटला असेल. नाकारलेल्यांना कारण कळवा असं मी त्या दिवशी म्हटलं होतं, मिनिट्समध्ये आलं नाही. आणि "अर्ज सोपा आहे" असं मी लिहिलं होतं ते वाक्य काढून टाकलंय, तुम्ही बरोबर आहात, चार प्रतींत स्पायरल करून थ्रू प्रॉपर चॅनल पाठवायच्या अर्जाला सोपं म्हणू नये.

शेवटी तुम्ही खोचकपणे विचारलंय की शिल्लक किती परत केली. प्रवासाच्या हेडचे सगळेच, ६,२०० रुपये, डीडीने. डीडीचं कमिशन मी भरलं, त्याला हेड नव्हतं.