परदेशी इंडेक्स फंड: ‘सर्वात कमी एक्स्पेन्स रेशोचा घ्या’ एवढ्याने भागत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: “एसअँडपी 500 असो की नॅस्डॅक 100, इंडेक्स एकच म्हणजे फंडही सारखेच. ज्याचा एक्स्पेन्स रेशो सर्वात कमी तो घ्या. ईटीएफ सर्वात स्वस्त. त्याहून स्वस्त हवा तर थेट अमेरिकेतला 0.03 टक्क्यांचा घ्या.” एसअँडपी 500 आणि नॅस्डॅक 100 हे अमेरिकी शेअरांचे इंडेक्स, आणि इंडेक्स फंड त्यांचीच नक्कल करतो. एक्स्पेन्स रेशो म्हणजे फंड चालवायला आपल्या पैशांतून दरवर्षी कापला जाणारा टक्का. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड.

खर्चावर नजर ठेवा, हे शंभर टक्के खरं. एजंटशिवाय घ्यायचा डायरेक्ट प्लॅन 2013 पासून उपलब्ध असताना एजंटमार्फतचा रेग्युलर घेऊन दरवर्षी कमिशन भरणाऱ्यांना मी स्वतः ओरडून सांगत असते. पण मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी वाचून माणसं पैसे घालवताहेत, म्हणून लिहितेय.

“रेशो सर्वात कमी तो घ्या.” अनेक परदेशी योजना फंड ऑफ फंड असतात. त्या स्वतः शेअर घेत नाहीत, दुसऱ्या फंडाची युनिट्स घेतात. त्या आतल्या फंडाचा खर्चही आपल्याच खिशातून जातो, म्हणून दोन्ही आकडे मिळवून बघा. आणि खरी परीक्षा ट्रॅकिंग डिफरन्सची: इंडेक्सने लाभांशासह, रुपयांत किती दिलं आणि फंडाने किती दिलं, यातला फरक. बाजार नियामक सेबीच्या नियमाप्रमाणे हा आकडा फंड कंपन्यांना जाहीर करावा लागतो. रेशो कमी असूनही रोकड पडून राहिल्यामुळे मागे पडणारा फंड स्वस्त कसा म्हणायचा?

“ईटीएफ सर्वात स्वस्त.” सर्वात जास्त नुकसान इथे होतं. भारतातल्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात गुंतवायला 700 कोटी डॉलरची मर्यादा आहे. 2022 च्या सुरुवातीला ती भरत आली आणि फेब्रुवारीपासून नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. अशा वेळी ईटीएफची नवी युनिट्स तयार होत नाहीत. घेणारे वाढतात, माल तेवढाच, मग बाजारातला भाव आतल्या शेअरांच्या किमतीच्या वर चढतो.

माझ्या मावसभावाने हा मेसेज वाचून पन्नास हजारांचा एक ईटीएफ घेतला. मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा भाव होता 220 आणि त्याच वेळचा आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअरांची अंदाजे चालू किंमत, 200. दहा टक्के प्रीमियम! पन्नास हजार देऊन हातात आला साधारण साडेपंचेचाळीस हजारांचा माल. दुसऱ्या फंडापेक्षा हा ईटीएफ 0.30 टक्क्याने स्वस्त, म्हणजे वर्षाला दीडशे रुपयांची बचत. साडेचार हजार भरून निघायला ढोबळमानाने तीस वर्षं. “विकतानाही प्रीमियम मिळेलच की,” असं तो म्हणाला. मिळेल याची हमी कोण देणार? मर्यादा सैल झाली, नवी युनिट्स आली, की प्रीमियम विरतो. तेव्हा ऑर्डर टाकण्याआधी फंड कंपनीच्या साइटवर आयएनएव्ही बघा आणि लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. फरक मोठा असेल तर तो दिवस सोडून द्या.

“थेट अमेरिकेतला घ्या.” व्हॅनगार्ड कंपनीच्या व्हीओओ या एसअँडपी 500 ईटीएफचा खर्च 0.03 टक्के आहे, हे खरं. पण बँक डॉलर देताना विनिमय दरात आपला वाटा काढते, पैसे पाठवण्याचं शुल्क वेगळं. छोट्या रकमांना हे जड जातं. वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. शिवाय रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरणं आलं.

आणि ज्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही ती गोष्ट: अमेरिकेत नोंदलेले शेअर किंवा ईटीएफ बाळगणारा तिथला रहिवासी नसलेला माणूस वारला, तर 60,000 डॉलरच्या वरच्या रकमेवर तिथला वारसा कर लागतो, 40 टक्क्यांपर्यंत. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या एसअँडपी 500 ईटीएफला हा कर लागत नाही. लंडनच्या बाजारात मिळणाऱ्या अशा एका ईटीएफचा खर्च 0.07 टक्के आहे. मोठी रक्कम बाहेर नेणाऱ्याने मुलाबाळांसाठी हे जादा 0.04 टक्के आनंदाने द्यावेत.