आमचं गाव द्राक्षांसाठी नोटोरियस आहे

गेल्या आठवड्यात क्लासमध्ये मुलाखतीचा सराव चालू होता. निफाडकडचा एक मुलगा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, आवाजही चांगला. स्वतःची ओळख करून देताना म्हणाला, "माय व्हिलेज इज नोटोरियस फॉर ग्रेप्स."

कुणी हसलं नाही. उलट मागच्या बाकावरच्या दोघींनी तो शब्द वहीत उतरवून घेतला.

मी त्याची वही मागितली. दोनशे पानी, चार रकाने आखलेले: शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. फेमस या शब्दापुढे रांगेने सेलिब्रेटेड, रिनाउंड, एमिनंट, नोटोरियस. अक्षर मोत्यासारखं. रोज वीस शब्द पाठ करायचे, म्हणजे वर्षाला सात हजार तीनशे, हा हिशेब पहिल्याच पानावर लाल पेनने मांडलेला. आधीच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर लिहून दिला होता म्हणे.

त्याला सांगितलं, बाळा, नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. तुझ्या गावची द्राक्षं घरफोड्या करत असतील तरच हा शब्द वापर. तेव्हा मात्र सगळा वर्ग हसला. तो कानापर्यंत लाल झाला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण या खड्ड्यात मी स्वतः पडलेली आहे, तेही भर सभेत.

तेव्हा मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. प्राचार्यांचा निरोप समारंभ होता. पहिल्या रांगेत संस्थाचालक, त्यांच्या शेजारी प्राचार्यांच्या सौभाग्यवती. मी आदल्या रात्री समानार्थी शब्दांची पुस्तिका उघडून भाषण 'भारी' केलेलं. हुशार म्हणजे क्लेव्हर, तो तर सगळ्यांनाच येतो, म्हणून त्याच ओळीतला पुढचा शब्द उचलला. माइकवरून ठणठणीत आवाजात म्हणाले, "अवर प्रिन्सिपल इज अ व्हेरी कनिंग अॅडमिनिस्ट्रेटर." कनिंग म्हणजे लबाड, धूर्त. स्टाफमधल्या अर्ध्या लोकांनी रुमाल तोंडाला लावले. संस्थाचालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना शब्द कळला नव्हता, की नेमका कळला होता, हे अजून मला उमगलेलं नाही.

म्हणून या विषयावर माझं मत जरा कडवट आहे, ते आधीच सांगते. नवशिक्याच्या हातात समानार्थी शब्दांची यादी देणं हा इंग्रजी शिकवण्याचा सगळ्यात आळशी प्रकार आहे. यादी सांगते, हे पाच शब्द एकच. शिकायचं असतं ते नेमकं उलट: हे पाच वेगळे का आहेत, आणि कुठला कुठे चालत नाही.

गंमत अशी की हे आपल्या मुलांना आधीपासून येतं. फक्त मराठीत येतं. माणूस मेला, वारला, गेला, निवर्तला, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. पेशंट दगावला. गुरं दगावली. पोलिसांच्या कागदावर मयत, श्रद्धांजलीच्या फलकावर दुःखद निधन, आणि भांडणात मेलास का रे. यातला कुठला शब्द कुठे हे आपल्याला कुणी रकाने आखून शिकवलंय का? सहा वर्षांचं पोरसुद्धा शेजारच्या आजोबांबद्दल "दगावले" म्हणत नाही. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. डाय, पास अवे, पेरिश, एक्स्पायर, किक द बकेट. पण आपला विद्यार्थी यादीतून येतो आणि मोबाइलची बॅटरी पास अवे झाली म्हणतो.

पाठांतराला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. आपल्याकडे पाठशाळेत मुलं अमरकोश, म्हणजे अमरसिंहाने रचलेला संस्कृत समानार्थी शब्दांचा कोश, मुखोद्गत करायचीच. पण अमरसिंहाने ते किती डोक्याने बांधलंय बघा. पद्यात आहे, म्हणून जिभेवर बसतं. अकारविल्हे न लावता विषयवार लावलंय: स्वर्ग, काळ, पाताळ, पृथ्वी, नगर, पर्वत, वनस्पती, प्राणी, माणसं. शब्दाबरोबर त्याचं लिंगही शिकवलंय. ग्रंथाचं खरं नावच नामलिंगानुशासन. आणि तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग, म्हणजे एकाच शब्दाचे अनेक अर्थ. नाण्याच्या दोन्ही बाजू. शिवाय ते पाठ करणारा मुलगा पुढे वर्षानुवर्षं काव्य वाचायचा. कोश ही सुरुवात असायची.

इंग्रजीतला याचा भाऊबंद म्हणजे रॉजेटचा थिसॉरस, समानार्थी शब्दांचा कोश. पीटर मार्क रॉजेट पेशाने डॉक्टर. स्वतःच्या लिखाणासाठी म्हणून १८०५च्या सुमारास शब्दांची जुळवाजुळव सुरू केली आणि पुस्तक छापलं १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्यानेही शब्द कल्पनांप्रमाणे लावले. आणि हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले होते: आपल्या आधी असा प्रयत्न कुणी कुणी केला हे सांगताना प्रस्तावनेत तो सगळ्यात जुना म्हणून अमरकोशाचं नाव घेतो. हेन्री कोलब्रुकने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं होतं. (आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं.) थिसॉरस या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ खजिना. कोश म्हणजेही खजिनाच. साहेबाने आणि आपण एकाच वस्तूला एकच नाव दिलं होतं.

पण रॉजेटने ते पुस्तक लिहिलं कुणासाठी? ज्याला शब्द येतात, ऐन वेळी आठवत नाहीत, त्याच्यासाठी. मनात कल्पना आहे, जिभेच्या टोकावर शब्द आहे, तो पान उघडतो आणि ओळखतो, अरे हाच की. अनोळखी माणसाने तेच पान उघडलं तर त्याला दिसतो पाच सारख्या चेहऱ्यांचा घोळका. त्यातला कनिंग कोण, ओळखणार कसा?

इंग्रजीत हा घोळका इतका मोठा का, याला इतिहास आहे. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं. गोठ्यातली गाय काउच राहिली, तिचं ताटातलं मांस मात्र बीफ झालं. शीपचं मटन झालं. (ते इंग्लंडातून इथे येईपर्यंत बोकडाचं झालं, ते सोडा.) वर पुन्हा विद्वानांची लॅटिन. त्यामुळे आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचांकडून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. आई विचारते, पत्रकार प्रश्न करतात, पोलीस जबाब घेतात. मराठीतही तसेच थर आहेत. घर, गृह, मकान. गृहकर्ज बँक देते, मकानमालक भाडं मागतो, आणि घर आठवतं. हे एकदा मराठीतून दाखवलं की होम आणि हाउसवर वेगळा तास घ्यावा लागत नाही.

सध्या मी वर्गात एकच मराठी शब्द घेते आणि त्याची इंग्रजीत किती माणसं होतात ते बघते. गेल्या महिन्यात 'कडक' घेतला. कडक चहा: स्ट्राँग. कडक ऊन: स्कॉर्चिंग. कडक साहेब: स्ट्रिक्ट. भाकरी कडक झाली, इथे वाद झाला. कुरकुरीत असेल तर क्रिस्प, शिळी होऊन वाळली असेल तर हार्ड. एकाने विचारलं, कडक इस्त्रीला काय? तासाभरात फळा भरला. मग मी म्हटलं, आता स्ट्रिक्ट चहा म्हणून बघा. हसून हसून पुरेवाट. त्या पोरांपैकी एकही जण आयुष्यात स्ट्रिक्ट आणि स्ट्राँगची गल्लत करणार नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आणि हे फक्त शिकलेल्यांनाच जमतं असंही नाही. त्या नोटोरियसवाल्या मुलाचे वडील एकदा फी भरायला आले होते. दहावीही झालेले नाहीत, मुलाच्या इंग्रजीची काळजी करत होते. "आमाला तर काय एक शब्द येत नाय मॅडम." आणि पुढच्या पाच मिनिटांत, बागेचं विचारलं तर, थिनिंग झालंय, डिपिंगला मजूर मिळेनात, गर्डलिंग औंदा करायचं का नाही बघू. तिन्ही शब्द अचूक. थिनिंग म्हणजे विरळणी, डिपिंग म्हणजे मणी फुगायला घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, गर्डलिंग म्हणजे खोडाची गोल साल काढणं. या माणसाला कुणी रकाने आखून दिले नव्हते. हाताने केलेलं काम होतं, त्याला शब्द येऊन चिकटला.

म्हणून मुलाला दुसऱ्या दिवशी विचारलं, कापणे या अर्थाचे इंग्रजी शब्द सांग. कट, चॉप, स्लाइस, ट्रिम, प्रून, गाडी धडधडत सुटली. म्हटलं थांब. एप्रिलमध्ये बागेत काय करता? "खरड छाटणी." ऑक्टोबरात? "गोडी छाटणी." म्हटलं, ते प्रून. आणि कांदा? तो थांबला. "मॅडम, कांदा शेतातून कापतात तो, का भाजीचा?" मला इतका आनंद झाला की काय सांगू. प्रश्न अगदी बरोबर होता. प्रून हा शब्द गेली दोन वर्षं त्याच्या वहीत होता. छाटणीची कात्री त्याच्या घरात त्याच्या जन्माआधीपासून आहे. दोघांची ओळख कुणी करून दिली नव्हती.

कुणी म्हणेल, मॅडम, परीक्षेत सिनोनिम विचारतात त्याचं काय? विचारतात, खरंय. चार पर्याय, एक गोळा, झालं. त्यासाठी शेवटचे दोन महिने मीही याद्या पाठ करून घेते. मुलांचे गुण बुडवून मला तत्त्वं सांभाळायची नाहीत. पण त्याला भाषा शिकणं म्हणू नका. सात हजारांचा आकडाही डोक्यातून काढा. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक होते, त्यांनी बंगालमध्ये, ढाक्याला, बरीच वर्षं काढली. आपल्यासारख्या शिकणाऱ्यांच्या गरजेचे म्हणून त्यांनी १९५३ मध्ये जे शब्द निवडून छापले, ते होते सुमारे दोन हजार. दोनच हजार, पण कुठला शब्द कुठल्या अर्थाने किती वापरात आहे, हेही दाखवलेलं. माझ्या विद्यार्थ्यांना तेवढे नीट आले तर मी पेढे वाटीन.

आता वहीचे रकाने बदललेत. समानार्थीच्या जागी 'कोणाबरोबर', म्हणजे हा शब्द कुठल्या शब्दांच्या सोबतीने येतो, असं लिहायला लावते, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य. गाइडमधलं नको, राम अँड शाम नको.

काल वह्या तपासत होते. एका मुलीने डाय आणि पास अवे घेतले होते. सिन्नरच्या पुढची आहे, एसटीने येते, वर्गात फार बोलत नाही. पहिलं वाक्य: माय ग्रँडमदर पास्ड अवे इन जून. दुसरं: अवर काउ डाइड इन जुलै. दोन्ही बरोबर. दुसऱ्या वाक्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठीत लिहिलं होतं:

"मॅडम, ही आजीची गाय होती. आजीनंतर तिने वैरण सोडली. तिला पास्ड अवे म्हटलं तर चूक होईल का?"

लाल पेन हातात होतं. मी टोपण लावलं आणि ती वही बाजूला ठेवली. सोमवारी तिच्याशीच बोलेन.