वेळ उरल्यास थिबा पॅलेस

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर रत्नागिरी सहलीचा प्लॅन आला. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नदुर्ग, भाट्ये, दुपारी माशांचं जेवण, संध्याकाळी आंबा खरेदी. आणि अगदी शेवटी, कंसात, "थिबा पॅलेस, वेळ उरल्यास, फोटोपुरतं". टूरवाला कोण ते लिहीत नाही, दोष काही त्याच्या एकट्याचा नाही. पण डोकं सकाळपासून तापलेलंच आहे. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा जिथे राहिला आणि जिथे वारला ते घर वेळ उरला तर बघायचं? प्लॅनखाली भराभर अंगठे आले, आणि एका मैत्रिणीने लिहिलं, "तिकडे काही नाहीये गं बघायला." तिला उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं वाढलं की शेवटी इथेच टाकतेय.

काही नाहीये म्हणजे काय? नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली तेव्हा थिबा २६ वर्षांचा होता, राणी गरोदर होती. त्यांना आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हाची रत्नागिरी आठवा. ना रेल्वे, ना धड रस्ता, पावसाळ्यात बंदरही बंद. माणूस जगाने विसरावा म्हणून निवडलेली जागा. जवळजवळ चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला, दारावर पोलीस, कुठे जायचं तर परवानगी. मग १९१० मध्ये सरकारने हा राजवाडा बांधून दिला, त्याचं अधिकृत निवासस्थान म्हणून. जांभ्याचा चिरा, उतरती कौलं, सागवानाच्या अर्धगोल नक्षीदार खिडक्या, नाचाचा दिवाणखाना, आणि सज्जात उभं राहिलं की समोर भाट्याची खाडी. त्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं आपल्या गावात काढली त्याने! आणि आपण रिक्षावाल्याला "थिबा पॅलेस रोड" सांगतो त्यापलीकडे त्याचं नाव घेत नाही.

बरीच वर्षं झाली, मे महिना होता. पाहुण्यांना घेऊन मी राजवाड्यावर गेले होते. आत एक ब्रह्मी आजी होत्या, सोबत चष्मा लावलेला नातू. आजींनी फाटकापाशीच चपला काढलेल्या. आवारातली खडी तापलेली होती, पायरीवर बसलेला माणूस खुणेने सांगत होता, चपला घाला, चालतं. त्यांनी मान हलवली आणि अनवाणीच आत गेल्या. वरच्या मजल्यावर एका खिडकीशी त्या थांबल्या आणि सागवानाच्या चौकटीवरून तळवा फिरवत राहिल्या. खालून वर, वरून खाली. त्या चौकटीवर कुणीतरी किल्लीने बदाम कोरून दोन नावं लिहिली होती. आजींचं बोट त्या नावांपाशी आलं, थांबलं, आणि त्यांनी नातवाला काहीतरी विचारलं. नातवाने माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "ही नावं राजघराण्यातली आहेत का?"

मी काय सांगणार होते, सांगा.

आता त्या आजी एवढ्या लांबून का आल्या असतील ते समजून घ्या. मंडालेला एक भव्य राजवाडा आहे, पर्यटक बघतात. पण मूळचा राजवाडा १९४५ मध्ये, महायुद्धाच्या बॉम्बफेकीत जळाला. आज उभा आहे तो नंतर नव्याने बांधलेला. थिबाचा पाय ज्या जिन्यावर पडला, ज्या खिडकीतून त्याने बाहेर बघितलं, असं घर बघायचं तर त्याच्या माणसांना समुद्र ओलांडून आपल्या रत्नागिरीत यावं लागतं. समाधीही इथेच, शिवाजीनगरात, इमारतींच्या गराड्यात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः इथे येऊन गेले. २०१६ मध्ये शंभराव्या स्मृतिदिनालाही तिकडून मोठी मंडळी आणि राजाचे वंशज आले होते. ते येतात तेव्हा रस्ता झाडला जातो, चुना मारला जातो. ते गेले की संपलं.

शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेला दागिना आपण माळ्यावर फेकून द्यावा, तशातली गत आहे ही.

आणि शेजाऱ्याकडे आपलंही ठेवलेलं आहे, हे विसरू नका. १८५७ नंतर बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं, तो १८६२ मध्ये तिथेच वारला. त्याची कबर ते लोक दर्गा म्हणून सांभाळतात, फुलं वाहतात. त्यांना कोण लागत होता तो? आणि आपले टिळक! टिळकांचा जन्म याच गावातला. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते, गीतारहस्य तिथे लिहिलं, पत्नी इकडे वारल्याची बातमी त्यांना तिथे कळली. त्याच वर्षांत मंडालेचा राजा टिळकांच्या गावात नजरकैदेत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत, मंडालेचा माणूस रत्नागिरीत, आणि दोघांच्या किल्ल्या एकाच साहेबाच्या खिशात. हे आपल्या शाळेत मला कुणी कधी सांगितलं नाही. टिळक आळीतलं जन्मस्थान दरवर्षी दाखवायला नेलं, त्याचा अभिमान आहेच. तिथून राजवाडा किती लांब आहे? पण एकदाही नेलं नाही.

हे लिहितानाच परत संताप येतोय. स्वातंत्र्यानंतर या वास्तूत वर्ग भरले, कार्यालयं भरली. आमचे एक काका सांगतात, दिवाणखान्यात ड्रॉइंगची टेबलं लावलेली असत. काकांना राग नाही, ते कौतुकानेच सांगतात, आणि वापरात होती म्हणून इमारत टिकली हेही खरं असेल. पण त्यानंतर काय? मागच्या पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा भिंतीवर ओल चढलेली, कोपऱ्यात पोपडे, लाकडाला बोट लावलं तर भुसा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा खारा आहे. एक कौल सरकलं की एका पावसात वासा कुजायला लागतो. आमचे जुने गवंडी घराचं काम करताना बोलले होते ते डोक्यात पक्कं बसलंय. चुन्याची भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. तिच्यावर सिमेंट फासलं की पाणी आत अडकतं आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. म्हणजे नुसता पैसा असूनही भागत नाही, चुन्याचं काम येणारा माणूस लागतो, आणि तो दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, कौलांवर चढावा लागतो. एकदाच मोठं टेंडर काढून, रंग मारून, फीत कापून हे होत नाही.

लगेच कमेंटमध्ये येणार, माहिती आहे मला. संरक्षित स्मारक आहे, संग्रहालय आहे, दुरुस्तीची कामंही झालीत. हो, झालीत, नाही म्हणत नाही. तालुक्यातल्या शाळा गळतायत, आधी त्या बघा. बघा ना, त्याही बघा. आणि थिबा राज्यावर आला तेव्हा मंडालेत राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली, तो काही संत नव्हता. मान्य, नव्हता. पण घर जपायला आतला माणूस संत असावाच लागतो का? मग एकही वाडा आणि एकही किल्ला जपता येणार नाही.

त्याच्या थोरल्या राजकन्येची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. राजाकडे नोकरीला असलेल्या इथल्याच माणसापासून तिला मुलगी झाली. राजाची ती नात रत्नागिरीत मराठी बोलत वाढली, गरिबीत संसार केला आणि इथेच म्हातारी होऊन गेली. २००० साली गेली, म्हणजे आपल्यातल्या कितीजणांनी तिला रस्त्यात पाहिलंही असेल. ब्रह्मदेशाच्या राजाची नात आपल्या बाजारात भाजी घेत होती. लांबचा, परका राजा म्हणता कुणाला?

त्या आजी मला म्हणूनच विसरता येत नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही. मी नातवाला सांगितलं, ही नावं बाहेरच्यांनी कोरलीत, राजघराण्याची नाहीत. त्याने ते आजींना सांगितलं. त्या हसल्या, पिशवीतून रुमाल काढला आणि चौकट पुसायला लागल्या. कोरलेलं पुसून जाणार नाही हे त्यांना दिसत होतंच. मग जमिनीवर, धुळीत आणि वटवाघळांच्या लेंड्यांत, गुडघे टेकून त्यांनी तीनदा डोकं टेकवलं. मी बाजूला उभी होते, आणि माझे पाहुणे खालून हाका मारत होते, चल, पुळ्याला उशीर होतोय.

आता काय करायचं ते. मी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितेय. कौलांची आणि पन्हळींची दरवर्षी पावसाआधी तपासणी हवी, चुन्याचं काम चुन्यातच व्हावं, आणि आत मराठी, इंग्रजी आणि ब्रह्मी, तिन्ही भाषांत नीट माहिती हवी, कुठल्या खोलीत कोण राहायचं ते धरून. वरच्या मजल्यावर एक माणूस कायम हवा, किल्लीने नावं कोरणाऱ्यांना अडवायला. शाळांच्या सहली टिळक आळीतून थेट तिथे आणाव्यात, हेही त्यात घालतेय. मसुदा उद्या रात्री टाकते. सही करणार असाल तर खाली नाव आणि गाव लिहा. पुण्या-मुंबईत गेलेले रत्नागिरीकर तर हवेतच. वकील मंडळींनी मसुदा एकदा वाचून द्या, आणि चुन्याचं काम करणारे कुणी जुने गवंडी ओळखीचे असतील तर त्यांचा नंबर मला इनबॉक्समध्ये पाठवा.