‘व्हायल रिकामी होती’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. आमच्याकडून घेतलेल्या टीजीएफ-बीटा-१ या प्रोटीनची व्हायल (छोटी बाटली) रिकामी निघाली, पार्सल थंड ठेवणाऱ्या जेल पॅकचं पाणी झालं होतं, उंदराच्या पेशींसाठी माणसाचं प्रोटीन गळ्यात मारलं, आणि पाच दिवस कल्चर करूनही फॉक्सपी३, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींची खूण, दिसला नाही. म्हणजे माल बनावट, असं तुमचं म्हणणं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, जरा तावातच. मग म्हटलं, आधी ऑफिसच्या मोबाईलवरची चॅट बघावी. बघितली आणि ताव उतरला.

तुम्ही विचारलंय, “हे कशात विरघळवायचं?” आमच्या मुलाचं उत्तर, “पीबीएस चालेल मॅडम.” खाली अंगठा.

नाही चालत. पीबीएस म्हणजे न्यूट्रल पीएचचं मिठाचं द्रावण; बऱ्याच प्रोटीनना चालतं, म्हणून त्यानं ठोकून दिलं. टीजीएफ-बीटा-१ न्यूट्रल पीएचला धड विरघळत नाही आणि नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. त्याला ४ मिलिमोलर एचसीएल, म्हणजे अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, आणि त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए हे गायीचं साधं प्रोटीन, म्हणजे भिंतीला चिकटायला दुसरं काहीतरी असतं. १ मोलर एचसीएल लॅबमध्ये असतंच. त्यातलं ४० मायक्रोलिटर घेऊन पाण्यानं १० मिलिलिटर करायचं, एवढंच काम. पण ते सांगायला हवं होतं आम्ही. कंपनीचं माहितीपत्रक बॉक्सवरच्या क्यूआर कोडमागे, आणि छापील कागद आम्ही टाकलाच नव्हता. तुमचे पाच दिवस आणि त्या पेशी वाया गेल्या त्या आमच्यामुळे. माफी मागतो.

‘रिकामी’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. तुम्ही मागवलं होतं १० मायक्रोग्रॅम, कॅरियर-फ्री, म्हणजे सोबत दुसरं प्रोटीन न मिसळलेलं. साखरेचा एक दाणा घेऊन त्याचे पन्नासेक तुकडे केले तर त्यातला एक, एवढा तो माल. सुकवल्यावर तळाशी पांढरी पावडर दिसेल ही अपेक्षाच धरू नका. काचेवर न दिसणारा पापुद्रा असतो, कधी झाकणालाही लागलेला असतो. म्हणून व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्यायची. फोटोत तुमचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं दिसतंय, त्यावरून फिरवली नसावी असं वाटतं. चूक असेन तर सांगा.

जेल पॅकचं म्हणाल तर पार्सल कुरियरच्या डेपोत एक दिवस पडून होतं, हे खरं. २०१९ च्या पुरात कोल्हापूरबाहेर शिरोलीजवळ हायवे बंद झाला तेव्हापासून आम्ही या गोष्टीला फार घाबरतो, पण सुकवलेलं प्रोटीन दोन दिवसांच्या उकाड्यानं मरत नाही. विरघळवल्यावर जपायचं. १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा, १०-१० चे छोटे वाटे, म्हणजे अ‍ॅलिकोट करून गोठवा, आणि एकदा वितळवलेला पुन्हा गोठवू नका. व्होर्टेक्सवर जोरात घुसळणं तर नकोच.

माणसाचं प्रोटीन उंदराला कसं, हा प्रश्न रास्त आहे. माणसाचं उंदराला चालतं, हे सगळ्या सायटोकाइनना (पेशींना निरोप देणाऱ्या प्रोटीनना) लागू होत नाही. पण टीजीएफ-बीटा-१ च्या एका साखळीत ११२ अमिनो आम्लं, आणि माणूस-उंदीर यांत फरक फक्त एकाचा. त्यामुळे उंदराच्या प्लीहेतल्या टी पेशींवर ते व्यवस्थित चालतं. इथे गळ्यात मारलेलं काही नाही.

आता फॉक्सपी३. २०२५ चं नोबेल ज्या नियामक टी पेशींसाठी ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं, त्याच तुम्ही बनवताय. नवी व्हायल आली तरी एवढं तपासाच: सुरुवातीच्या पेशी खरोखर नाइव्ह, म्हणजे आधी कशानेही चालना न मिळालेल्या, आहेत का, टी पेशींना जागं करणारी सीडी३-सीडी२८ ची चालना आणि सोबत त्यांना वाढवणारं इंटरल्युकिन-२ आहे का. आणि कल्चरमध्ये कुठून इंटरल्युकिन-६ हे दुसरं सायटोकाइन तर शिरत नाही ना? कारण त्याच्या संगतीत हेच प्रोटीन पेशींना उलट्या रस्त्यानं, टीएच१७ या दाह वाढवणाऱ्या टी पेशींकडे नेतं. गुण प्रोटीनचा कमी, संगतीचा जास्त. पाच दिवस थांबायचं नसेल तर आधी थोड्या पेशींवर घालून तासाभरात वेस्टर्न ब्लॉट (पेशीतलं ठरावीक प्रोटीन ओळखायची चाचणी) करा. टीजीएफ-बीटाचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या स्मॅड-२ वर फॉस्फेट चढलेला दिसला की माल जिवंत.

नवी व्हायल आमच्या खर्चानं, त्याच लॉटची नाही, वेगळ्या लॉटची. सोबत त्या लॉटचं सर्टिफिकेट आणि छापील कागद. जुनी फेकली नसेल तर ठेवा, ती कंपनीकडे पाठवतो. बनावट म्हटलंय तर तपासणी व्हायलाच हवी. निकाल काय येईल तो इथेच टाकेन, आमच्या विरुद्ध गेला तरी.

सोमवारी अकराच्या आत तो मुलगाच शाहूपुरीतून तुमच्याकडे व्हायल घेऊन येईल. फक्त कशात विरघळवायचं ते त्याला विचारू नका, मला फोन करा.